घरच्या राउटरची किल्ली घरच्यांकडेच हवी

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप आणि यंत्रमागवाल्या मित्रांचा ग्रुप. घरच्या वायफायबद्दल त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा टाकू नका, तो हॅकरांचा सापळा आहे, टाकलात की कनेक्शन लॉक होतं, म्हणून जे करायचं ते कंपनीचा माणूसच करेल. वायफायला पासवर्ड आहे, मग राउटरचा, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याचा, पासवर्ड बदलायची गरज नाही. वायफायचं नाव लपवलं की शेजारीपाजारी कुणी शिरू शकत नाही. नेट हळू झालं तर डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. आणि जास्त अँटेनांचा राउटर घ्या, स्पीड वाढतो.

पाचही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातल्या पहिल्या दोन आणि चौथी ऐकली तर घरातल्या माणसांचं सरळ नुकसान होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तो आकडा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कुठल्याही हॅकरचे नाहीत. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी १९९६ साली काही पत्ते फक्त घरातल्या आणि ऑफिसातल्या जाळ्यांसाठी राखून ठेवले, १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ असे ते तीन गट. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत. आपल्याकडे 'मागची खोली' म्हटलं की ज्याला त्याला आपापल्या घरातली खोली समजते, तसंच हे आहे. १९२.१६८.०.१ टाकलं की माझ्या घरात माझा राउटर उघडतो आणि तुमच्या घरात तुमचा. पत्ता एकच, घरं लाखो.

लोक घाबरतात त्याचं कारण मला समजतं. हा पत्ता टाकला की ब्राउझर वर 'सुरक्षित नाही' असं दाखवतो. स्वस्तातल्या राउटरचं पान साध्या एचटीटीपीवर, म्हणजे मजकूर सांकेतिक न करता, चालतं, एवढाच त्या सूचनेचा अर्थ. तुमचा फोन आणि कोपऱ्यातला डबा यांच्यातलं ते बोलणं आहे, ते घराबाहेर जात नाही. तेवढं पाहून कनेक्शन लॉक वगैरे काही होत नाही.

आता कंपनीच्या माणसाचं. राउटर तुम्ही पैसे देऊन घेतलेला असेल तर तो उघडायला कुणाची वाट बघायची गरज नाही. डबा उलटा करा. खालच्या स्टिकरवर पत्ता, यूजरनेम, पासवर्ड आणि वायफायचं मूळ नाव छापलेलं असतं. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा यांच्या साध्या डब्यांचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१. स्टिकर पुसलं असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारा, 'गेटवे' किंवा 'राउटर' म्हणून जो पत्ता दिसतो तोच तुमचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाकलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर तो मिळतो.

पान उघडत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. दहातल्या बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक. आकडे गूगलच्या शोधाच्या चौकटीत टाकलेले असतात, वरच्या पत्त्याच्या पट्टीत नाही. नाहीतर फोनचा मोबाइल डेटा चालू असतो. नव्या राउटरमध्ये अजून इंटरनेट आलेलं नसतं, हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. तिथे हा पत्ता सापडणारच नाही. मोबाइल डेटा बंद करा, पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावू नका. पान उघडेल.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते. गल्लीतल्या नेटवाल्यानं फायबरचा एक डबा बसवलेला असतो आणि त्यापुढे आपण विकत घेतलेला दुसरा. कधीकधी दोघांचाही पत्ता एकच असतो आणि मग धड कुठलंच पान उघडत नाही. अशा वेळी मधली वायर काढा, फक्त आपल्या राउटरला जोडून आत जा आणि लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करा. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. तार कुठेतरी तुटली किंवा दबली आहे, तेव्हा नेटवाल्यालाच बोलवावं लागतं.

दुसरा दावा सगळ्यात वाईट आहे. वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यानं ठरतं की घरात कोण येणार. दुसरा ज्याच्या हाती आहे त्याला घराचं कुलूपच बदलता येतं. बऱ्याच जुन्या डब्यांवर यूजरनेमही 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. ही जोडी छापील माहितीपत्रकात असते, म्हणजे ती जगाला ठाऊक आहे. तुमच्या वायफायवर पाहुण्याचा फोन आला आणि त्या फोनमध्ये कुठून तरी उतरवलेलं खोटं अ‍ॅप असलं, तर ते अ‍ॅपसुद्धा ही जोडी वापरून आत जाऊ शकतं.

आत जाऊन करणार काय? एक उदाहरण पुरे. आपण बँकेच्या साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो, आणि कुणाला विचारायचं हे राउटर सांगतो. ती डीएनएसची सेटिंग. चोरानं तिथे स्वतःचा पत्ता घातला की नाव बँकेचं टाकायचं आणि पान चोराचं उघडायचं. ब्राउझर प्रमाणपत्राची लाल सूचना देतो, पण घाईत असलेला माणूस ती ओलांडून जातो. घरातल्या प्रत्येक फोनला हे एकाच वेळी होतं, कारण फोनमध्ये बिघाड नसतोच, तो डब्यात असतो.

हे कल्पनेतलं नाही. २०१६ साली 'मिराई' नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यात फार चलाखी नव्हती. कंपनीनं घालून दिलेल्या यूजरनेम आणि पासवर्डच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या, आणि त्या तो कॅमेऱ्यांवर, राउटरांवर एकामागून एक लावून बघायचा. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता ते डबे त्याच्या ताब्यात गेले. त्या डब्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास नीट उघडल्या नाहीत. त्यातले डबे साध्या घरांतले, साध्या दुकानांतले होते.

आपल्या राज्यातली गोष्टही विसरू नये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या कनेक्शनपर्यंत पोचला. दुसऱ्यांनीच त्याचं वायफाय वापरलं होतं, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. कनेक्शन ज्याच्या नावावर त्यालाच पहिला प्रश्न, हे आजही तसंच आहे.

म्हणून आत गेल्यावर पहिलं काम राउटरचा पासवर्ड बदलणं. नवे टीपी-लिंक पहिल्यांदा उघडतानाच स्वतःचा पासवर्ड करायला लावतात, हे चांगलं आहे. मग वायफायच्या पानावर सुरक्षेत कुलपाचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार दिसला तर तो नकोच, त्याचं कुलूप २००१ सालीच मोडलं. आणि वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका. नेट बसवायला आलेला मुलगा सोयीसाठी तोच ठेवून जातो. शेजाऱ्याला तो पाठ असतो. अनोळखी माणसालाही अवघड नाही: ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर चारशे कोटीच होतात, आणि तुमच्या वायफायचा जोडणीचा संवाद एकदा पकडला की चांगलं ग्राफिक्स कार्ड ते सगळे काही तासांत तपासून संपवतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. आजीलाही लक्षात राहतात आणि बाहेरच्याला सापडत नाहीत.

तिथेच डब्ल्यूपीएस नावाची, वायफायचा पासवर्ड न टाकता पिननं जोडायची, सोय असते, ती बंद करा. तिचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे, फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ च्या डिसेंबरात हे उघड झालं. नव्या डब्यांत थोडी दुरुस्ती आहे, तरी घरात तिची गरज पडत नाही. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून राउटर उघडायची सोय, चालू असेल तर तेही बंद करा.

नाव लपवण्याबद्दल थोडक्यात. नाव लपवलं की यादीत दिसत नाही, इतकंच. तुमचा फोन जोडला जातो तेव्हा ते नाव हवेतून उघडच जातं आणि फुकटच्या अ‍ॅपनं वाचता येतं. उलट फोन बाहेर पडल्यावरही ते लपवलेलं नाव पुकारत शोधत राहतो. दार रंगवून भिंतीसारखं केलं तरी कुलूप लागत नाही.

आता टाचणी. हे वाचून माझी विडी घरकुल वसाहतीतली मावशी फसली, म्हणून मला याचा जास्त राग आहे. डबा बंद करून मिनिटभरानं चालू करणं म्हणजे रिस्टार्ट, ते कधीही करा. टाचणीनं दाबायचं ते रिसेट. त्यानं राउटरमधलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांत राउटरमध्ये पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्यानं आपल्या कनेक्शनला दिलेलं, यूजरनेम आणि पासवर्ड भरलेलं असतं, ते गेलं की नेटही गेलं. काही नेटवाले डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि त्याच डब्याला नेट देतात. जुन्या डब्याचा मॅक नव्यात उतरवून घेतलेला असेल तर तोही पुसला जातो. आणि डबा परत 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' होतो. मावशीनं शनिवारी संध्याकाळी टाचणी दाबली. कागदावर यूजरनेम कुठेच लिहिलेलं नव्हतं, माणूस सोमवारी दुपारी आला. मधल्या काळात मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, तो तिनं सात रस्त्याजवळच्या नेट कॅफेत जाऊन भरला.

रिसेट करायची वेळ आलीच, म्हणजे राउटरचा पासवर्ड खरोखर विसरलात, तर आधी नेटवाल्याकडून पीपीपीओईचं यूजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. पासवर्ड अजून आठवत असेल तर आधीच राउटरमधल्या इंटरनेटच्या पानाचा फोटो काढून ठेवा, बहुतेक डब्यांत 'बॅकअप' म्हणून फाइल जपायची सोयही असते.

शेवटी अँटेना. खोक्यावर '३०० एमबीपीएस' लिहिलेल्या हजार-बाराशेच्या डब्याची वायरची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात. तुम्ही २०० चा प्लॅन घेतला तरी त्यातून ९५ च्या वर काही येणार नाही, अँटेना दोन असोत की चार. शंभरापेक्षा वरचा प्लॅन असेल तर खोक्यावर 'गिगाबिट' शब्द शोधा. दोन बँडवाल्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालणाऱ्या, डब्यात ५ गिगाहर्ट्झचा बँड जवळून वेगवान असतो, पण भिंतीत लवकर दमतो. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. साखर पेठ, भवानी पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत मागच्या खोलीला २.४ चा बँडच उपयोगी पडतो. तो गजबजलेला असतो, म्हणून चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजारी कमी असतील तो निवडा.

जागेचा फरक अँटेनांपेक्षा मोठा. लोखंडी कपाटावर, पाण्याच्या टाकीमागे किंवा पत्र्याला चिकटवून ठेवलेला डबा कितीही महाग असला तरी अडतो. आणि आपल्या गावाचं ऊन. बऱ्याच स्वस्त राउटरांच्या माहितीपत्रकात शून्य ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा लिहिलेली असते, सोलापुरात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर आणि वर विणलेलं झाकण अशा ठिकाणी डबा दुपारी तापून बंद पडतो आणि लोक म्हणतात नेटवाला वाईट. उघड्या हवेत, छातीएवढ्या उंचीवर, घराच्या मध्याकडे ठेवा.

मावशीकडे हे सगळं करायला नंतरच्या रविवारी पाऊण तास लागला. आमच्या गल्लीतल्या कुणाला स्वतः करायला भीती वाटत असेल तर रविवारी सकाळी मला हाक मारा. फक्त डब्याखालच्या स्टिकरचा फोटो आणि नेटवाल्यानं दिलेलं यूजरनेम कागदावर लिहून तयार ठेवा. पासवर्ड तुमचा तुम्ही टाका, मी तोंड फिरवून उभा राहीन.