चार जीबी म्हणे, डोळे झाकून घ्या!

"फोर जीबी आहे साहेब, डोळे झाकून घ्या." मुंबईत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्र आणि गेम सांभाळणारं कार्ड, घ्यायला लॅमिंग्टन रोडवर ज्या दुकानात शिरावं तिथे हेच ऐकायचं. कार्डाचं नाव काय, आत मेमरी कोणती, कोणत्या मशीनला लावणार, यातला एक प्रश्न कोणी विचारेल तर शपथ. जीबीचा आकडा तोंडावर फेकायचा आणि जीपे करायला स्कॅनर पुढे सरकवायचा.

माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर जुना आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं बुटकं कॅबिनेट, अडीचशे वॉटच्या आसपासचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). पोरगा त्यावर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवतो. त्याला आठ-नऊ हजारांत एक बरं ग्राफिक्स कार्ड हवंय, सावकाश गेम खेळता आले तर दुधात साखर. हे काय जगावेगळं मागणं आहे का? पण या बजेटमध्ये जे जे समोर येतं ते बघून तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी ते एनव्हिडियाचं जीटी ७३०. २०१४ सालचं कार्ड अजून सीलबंद डब्यात 'नवीन' म्हणून विकताहेत. याच एका नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. फर्मीला नवे गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळायचे २०१८ लाच थांबले, केप्लरला मिळायचे २०२१ मध्ये बंद झाले. म्हणजे डब्याचं सील फोडायच्या आधीच माल संपलेला! त्यावर डीडीआर३ नावाची संथ मेमरी चार जीबी चिकटवून ठेवलेली. त्या चिपला चार जीबी भरून वापरण्याइतकं बळच नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. घेणाऱ्याला नसतं. सगळा धंदा त्या फरकावर चाललाय.

त्याहून संतापजनक जीटी १०३०. २०१७ मध्ये हे कार्ड ग्राफिक्ससाठीच्या वेगवान जीडीडीआर५ मेमरीसह आलं, सेकंदाला ४८ जीबी डेटा वाहून नेणारं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने साध्या रॅमच्या डीडीआर४ मेमरीवालं आलं, त्याचा आकडा जेमतेम १७ च्या आसपास. तिसरा हिस्सा! नाव तेच, 'दोन जीबी' तेच, डबाही जवळजवळ तसाच. मी एका काउंटरवर डबा हातात घेऊन उलटा केला, मागचं स्टिकर उजेडात धरलं, तेव्हा मॉडेल नंबरच्या मधोमध बारीक अक्षरांत 'डी४' दिसलं. त्या दोन अक्षरांनी अनेक गेममध्ये वेग निम्म्यावर येतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "डीडीआर-फोर लेटेस्ट आहे ना साहेब, पाचवालं जुनं." इतक्या सफाईने! बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापायची सक्ती आहे, मग हजारो रुपयांच्या कार्डाच्या दर्शनी बाजूला मेमरीचा प्रकार ठळक छापायला काय होतं यांना?

आणि कोणी म्हणेल, मग नवीन पिढीचं घ्या. घेऊ की! एएमडीचं आरएक्स ६४०० २०२२ चं आहे, बुटक्या कॅबिनेटमध्ये बसणारं मिळतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिस पीसीसाठीच बनवलंय असं वाटावं. पण त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा, दिल्या आहेत. पीसीआय ४.० वर त्या चालून जातात. एच८१ बोर्डाचा स्लॉट २.० चा, तिथे त्याच चार लेनमधून पाव वेगाने डेटा जातो, आणि कार्डाची चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. ज्यांच्याकडे नवा बोर्ड आहे ते असलं कार्ड घेतील कशाला? ज्याला गरज त्यालाच ते लंगडं मिळतं. वर त्यात एडिट केलेला व्हिडिओ झटपट बनवून देणारा व्हिडिओ एन्कोडरच नाही. भाच्याच्या २०१३ सालच्या प्रोसेसरमध्ये इंटेलने एच.२६४ एन्कोडर फुकटात दिलाय, आणि नऊ वर्षांनी आलेल्या कार्डात तो कापून टाकलाय! एडिटिंग करणाऱ्या पोराने काय करायचं त्या कार्डाचं?

इंटेलचं आर्क ए३८० बघायला गेलं तर त्याला नीट चालायला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, म्हणजे दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं मशीन. तो रस्ता बंद.

सेकंड हँडमध्ये तर आनंदच आहे. २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस घासलेली कार्डं बाजारात ओतली गेली. प्रत्येक विकणारा छातीठोकपणे सांगतो, "घरचं वापरातलं आहे, फक्त गेम खेळलोय." एएमडीचं आरएक्स ५८० म्हणून जे दाखवतात त्यातली कितीतरी '२०४८ एसपी'वाली असतात, म्हणजे मुळात खालच्या दर्जाचं ५७०. आणि खरं ५८० मिळालं तरी ते १८५ वॉट खाणार, ते या एसएमपीएसला झेपायचं कसं?

सगळी चाळणी लावून भाच्याच्या मशीनला बसेल असं काय उरतं, तर सहा पिनची पॉवर केबल न लागणारं, बुटक्या आकाराचं जीटीएक्स १६५०. ७५ वॉट, सोळा लेन, एन्कोडर आहे. २०१९ चं कार्ड. ते मागितलं की दुकानदार आधी "आउट ऑफ स्टॉक" म्हणतो, मग आतून एक काढतो आणि जो भाव सांगतो त्यात भाच्याचा अख्खा कॉम्प्युटर येईल. बिल मागितलं तर वर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि बिल नको असेल तर वॉरंटी विसरा. कार्ड एकदा लावून दाखवा म्हटलं तर म्हणतो, "सील तोडलं की घ्यावंच लागेल."

दीड लाखाचं मशीन बांधणाऱ्याला हाच माणूस खुर्ची देतो, चहा पाजतो, बेंचमार्क दाखवतो. एकेक हजार साठवून आलेल्या पोराला उभ्याउभ्या डीडीआर४ वालं कार्ड. नाही घेतलं आम्ही. डबा काउंटरवर तसाच ठेवला आणि निघालो, मागून त्याचं चालूच होतं, "अहो साहेब, टू जीबी नको तर फोर जीबी देतो ना!"