स्टारसाहेबांचं कोकणावरचं मत कसं ऐकावं

परवा डोंबिवलीच्या आतेभावाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकलान. एक मोठे सिनेस्टार (नाव नको, त्यांचे फॅन आमच्याच वाडीत जास्त) कुठल्याशा पॉडकास्टवर बसून सांगतायत की कोकणी माणसाला विकास नकोच असतो, काही आणा, हे विरोध करणार, यांना नुसते मासे खायचे नि झोपायचं. खाली आतेभावाचं ‘साहेब एकदम बरोबर बोलले’. त्याखाली अंगठेच अंगठे, आणि त्यातला एक आमच्या काकांचा, ज्यांची हापूसची कलमं सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, लागून आहेत!

तर म्हटलं, आपल्या लोकांना जरा शिकवूया.

पहिलं म्हणजे साहेबांच्या अभ्यासावर शंका घेऊ नका. एका पिक्चरमध्ये ते कलेक्टर होते, इंटरव्हलपर्यंत अख्खा जिल्हा सुधारला होता.

साहेब म्हणाले मुंबई-गोवा हायवे मस्त झाला तर झाला. ते गोव्यात मोपाला विमानाने उतरतात, त्यांना नाही तर कोणाला माहीत असणार? 2011 पासून काम चालूय, चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा पूल 2023 मध्ये बांधता बांधताच खाली आला, असल्या बारीकसारीक गोष्टी काढून मोठ्या माणसाचा मूड घालवू नका.

गणपतीची तिकीटं हा विषय तर काढूच नका, साहेब रडतील.

आता राजापूर तालुक्यातली रिफायनरी. इथे प्रश्न विचारायचे नाहीत, नुसती मान डोलवायची. पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठल्या खाडीत सोडणार, मोहराचं काय होणार, साखरीनाट्याच्या मच्छीमाराने जाळं कुठे टाकायचं, हे विचारलंत की तुम्ही विकासविरोधी. बरं, मी काय कारखान्याच्या विरोधातला माणूस नाही, आमच्या घरातली पोरं पण पुण्या-मुंबईला भाड्याच्या खोल्यांत राहतात, इथे काम मिळालं तर कोणाला नकोय? पण गुहागर-दाभोळच्या लोकांनी एन्रॉनचा वीजप्रकल्प बघितलाय. 1999 ला वीज सुरू, 2001 ला प्रकल्प बंद, जमिनी गेल्या त्या गेल्याच. नाणारला 6 कोटी टनांची रिफायनरी येणार म्हणून जमिनीचे व्यवहार रंगले, मग 2019 ला सरकारनेच जमीन घ्यायची अधिसूचना रद्द केली, आणि काही वर्षांनी तोच विषय त्याच तालुक्यातल्या बारसूला उगवला. मग माणूस घाबरणार नाही तर काय नाचणार? आणि हो, आम्ही झोपतो हे साहेबांचं अगदी खरं. एप्रिल 2023 मध्ये बारसूला बायका झोपल्याच होत्या, भर उन्हात, रस्त्यावर, पोलिसांच्या गाड्यांपुढे, माती परीक्षण होऊ नये म्हणून. आमच्या आईच्या वयाच्या बायका. तेव्हा हा गृहस्थ कुठे होता? व्हॅनिटीत एसी लावून? शिरा पडो त्याच्या तोंडावर, तापलेल्या कातळावर दहा मिनिटं नुसतं बसून दाखव म्हणावं!

हां, उपदेश चालू होता नाही का. तर पुढचं, ज्या कातळावर ड्रिलिंग करत होते तिथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, हे साहेबांना सांगू नका, तिथे आयटम साँग शूट करायला येतील.

जाऊदे, नाही जमत मला गोड बोलायला.

त्या नटाला मत असू दे हो, तोही मत देतो, टॅक्स भरतो, बोलूदे त्याला. राग तुमचा येतो. प्रकल्पाची जनसुनावणी असते, तिच्याआधी पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेतच आहे ते. कधी मागितलात? बाजूने असा नाहीतर विरोधात, वाचलात तरी? ग्रामसभेला कोरम भरत नाही, म्हणून तहकूब करून परत घ्यायची, तेव्हा तुम्हाला बागेत फवारणी असते, आणि त्या नटाचा दीड तासाचा व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत बघता आणि अंगठा देता! ज्याला कुळीथ आणि उडीद वेगळे ओळखता येत नाहीत तो तुमच्या जमिनीचं काय करायचं ते सांगणार आणि सड्यावर झोपलेली बाई ‘भडकवलेली’? लाजा वाटूदे जरा. उद्या तो इथे कोणाच्या रिसॉर्टची फीत कापायला आला की हार घेऊन सगळ्यात पुढे तुम्हीच असाल, आणि नळपाणी योजनेची मीटिंग त्या दिवशी परत पुढे ढकललेली असेल.