दहा कम्प्युटर ठेवले की वाचनालय डिजिटल होत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. त्याचा सारांश असा: वाचनालय डिजिटल करायचं तर दहा कम्प्युटर आणि फुकट वायफाय द्या, झालं काम. निकष, मानकं, मोजमाप हे परदेशी खूळ आहे, त्यानं फक्त कारकुनी वाढते. तसाही प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आणि छोट्या वाचनालयांना ही चैन परवडत नाही.

परदेशी खुळाचा मुद्दा आधी घेऊ, तो लवकर निकालात निघतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग पाडतात, तेही पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती अशा निकषांवर. म्हणजे मोजायची सवय आपल्याला जुनीच आहे. आपण मोजतो ते कपाटात काय आलं. वाचकाचं काम झालं का, ते मोजायचं राहून जातं. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ‘एज’ नावाची ११ मानकं तयार झाली. त्यांत यंत्रं आणि बँडविड्थ (नेट जोडणीची क्षमता) पुरेशी आहे का, हे विचारणारं मानक एकच आहे. बाकीची लोकांना शिकवणं, नोकरी-शिक्षण-सरकारी कामांत मदत, कर्मचाऱ्यांची तयारी, अपंगांची सोय यांबद्दल बोलतात. मानकं म्हणजे यंत्रांची मोजदाद, हा समज तिथेच संपतो.

आता दहा कम्प्युटर. अभ्यासिकेत संध्याकाळी चाळीस मुलं बसलेली आहेत आणि प्रत्येक जण अडीच एमबीपीएसचा व्हिडिओ बघतोय, असं धरा. १०० एमबीपीएसची जोडणी तिथेच संपली. दहा कम्प्युटरांच्या वाट्याला काय उरणार? शिवाय राउटर बहुतेक वेळा ग्रंथपालांच्या केबिनमध्ये असतो आणि मधे लोखंडी कपाटांच्या रांगा, ज्या सिग्नल अडवतात. साधा घरगुती राउटर बरेच मोबाइल एकदम जोडले की दमतो, मग प्लॅन कितीही मोठा घ्या. म्हणून वेग बिलावरून ठरवू नये. पाच ठिकाणी, सकाळी ११, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ वाजता मोजावा. अपलोड वेगळा लिहावा, कारण अर्जाचे कागद चढवताना अडतं ते तिथे.

पावसाळ्यात वीज ये-जा करते, म्हणून कम्प्युटरांना यूपीएस असतो. पण फायबरचा डबा आणि राउटर साध्या प्लगवर असतात. वीज गेली की कम्प्युटर चालू राहतात आणि नेट जातं, भरलेला अर्ज तसाच लटकतो. ६०० व्हीएचा यूपीएस एका डेस्कटॉपला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात अर्ज ‘सबमिट’ करायचा तर त्या दोन छोट्या खोक्यांनाही बॅकअप हवा. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना व्होल्टेज आणि पिन जुळते का, तेवढं बघायचं.

लॉगिनचा आकडा हाही फसवा. नेट चार वेळा तुटलं की तोच माणूस चार वेळा लॉगिन करतो आणि अहवालात वापर वाढलेला दिसतो! सेवा जितकी वाईट, तितका आकडा छान. अर्ध्या तासाची मर्यादा असेल तर अकरावी प्रवेशाचा किंवा सिडकोच्या सोडतीचा अर्ज मधेच कापला जातो, आणि पुन्हा एक लॉगिन.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तालिका, म्हणजे पुस्तकं शोधायची यादी. मराठी पुस्तकं संगणकात चढवली की ती सापडतील, असं गृहीत धरलं जातं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून असतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या) फॉन्टमध्ये असतील तर विचारायलाच नको. कोहा हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल आणि त्यातला शोध झेब्रा या शोधयंत्रणेवर चालत असेल, तर देवनागरीसाठी आयसीयू पद्धतीची (वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी) सूची चालू आहे का ते तपासा. पण अर्ध्या ‘र’चा घोळ त्यानंही सुटेलच असं नाही, नोंदी एकाच पद्धतीच्या करून पुन्हा सूची बनवावी लागते.

चाचणी सोपी आहे. दाखलनोंद रजिस्टरमधून ५० पुस्तकं निवडा, ती फडताळावर आहेत याची खात्री करा आणि वाचक मोबाइलवर टंकतो तशी नावं टाकून शोधा. ५० पैकी किती सापडली, हा तुमचा आकडा.

मोबाइलचा मुद्दा अर्धा खरा आहे. वृत्तपत्र मोबाइलवर वाचता येतं. पण फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवणं, चार कागदांची एक पीडीएफ करणं आणि शेवटी प्रिंट काढणं, यासाठी मोबाइलवालाच वाचनालयात येतो. त्यातून आणखी एक मानक निघतं: माणूस उठून गेल्यावर त्याची एकही फाइल मागे राहता कामा नये. ब्राउझरचा गेस्ट मोड इतिहास पुसतो, उतरवलेल्या फाइली पुसत नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कोणाकोणाची आधार कार्डं पडली आहेत, ते आजच उघडून बघा.

राहिला खर्च. यासाठी लागतो एक तक्ता आणि पेन. पाच कामं ठरवा: पुस्तक शोधणं, अर्ज भरणं, कागद स्कॅन करणं, प्रिंट काढणं, ई-वृत्तपत्र उघडणं. दोन आठवडे प्रत्येक कामापुढे रेघ मारा: स्वतः झालं, मदतीनं झालं, झालं नाही. न झालेल्यापुढे कारण लिहा: नेट, यंत्र, फॉन्ट, ओटीपी, वेळ संपली, मदतीला कोणी नव्हतं. वाचकाचं नाव लिहू नका. राउटर हलवणं, वेळेची मर्यादा वाढवणं, एनव्हीडीए हा दृष्टिहीनांसाठीचा मोफत स्क्रीन रीडर बसवणं, यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. कारणांच्या रकान्यात ‘यंत्र’ सगळ्यात वर आलं, तरच नव्या कम्प्युटरचा ठराव कार्यकारी मंडळापुढे न्या.

तुलना मोठ्या ग्रंथालयाशी करू नका. ठाण्यातल्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे आकडे नेरुळच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला लावून हाती काही लागत नाही. तुलना स्वतःच्याच आधीच्या मोजणीशी, आणि तीही जूनची जूनशी. प्रवेशाच्या दिवसांतली गर्दी ऑक्टोबरच्या तक्त्याशी ताडली तर झालेली सुधारणाही घसरण वाटेल.