डांबर वेगळं, काँक्रीट वेगळं

‘प्लास्टिकने डांबरी रस्ते टिकाऊ झाले, तसंच काँक्रीटही मजबूत होईल’ हे काँक्रीटमध्ये प्लास्टिक मिसळण्यावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत प्लास्टिक तापलेल्या खडीवर वितळून बसतं आणि मग डांबर त्याला धरतं. काँक्रीटमध्ये ते वितळतच नाही, सिमेंटही त्याला नीट चिकटत नाही.

आम्ही साइटवर 10 टक्के वाळूऐवजी प्लास्टिकचे बारीक तुकडे घालून काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरले होते. 28 दिवसांनी फोडले तर तुकडे नखाने सुटून आले, मागे गुळगुळीत खळगे! ताकदही साध्या क्यूबपेक्षा कमीच भरली. फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकमध्ये जरूर वापरा, पण कॉलम-स्लॅबमध्ये कृपा करून नको. आगीत या प्लास्टिकचं काय होतं, तेही लेखात यायला हवं होतं.