'जागरूक पालक' यांना उत्तर: घोकंपट्टी कशाला म्हणायचं?

सहावी ते आठवीच्या मुलांना चित्रकलेचे घटक (रेषा, आकार, छटा, पोत वगैरे) आणि रचनेची तत्त्वं (तोल, लय वगैरे) कशी शिकवावीत, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'जागरूक पालक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांचे मुद्दे चार. माझ्या तक्त्यात आकार आणि घनाकार एकाच रकान्यात आले आहेत. तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग नव्हेत, छपाईत सायन, मॅजेंटा आणि पिवळा वापरतात. लेख फार लांबला आहे. चौथा मुद्दा त्यांच्याच शब्दांत देते (यातले रझा म्हणजे चित्रकार सय्यद हैदर रझा): "असे घटक आणि तत्त्वं घोकून घेणारे मास्तर आहेत, म्हणूनच मुलं सातवीनंतर चित्र काढणं सोडतात. रझांना कुणी तत्त्वं शिकवली होती का?"

पहिला मुद्दा मान्य आहे. कागदावरचं वर्तुळ हा आकार, हातात धरता येतो तो चेंडू म्हणजे घनाकार. दोन्ही एका रकान्यात टाकणं ही माझी चूक. तक्ता त्याच रात्री दुरुस्त केला. आभार.

आता चौथा मुद्दा. 'मास्तर' हा शब्द मला परका नाही. माझे वडील प्राथमिक शाळेत होते, आमच्या गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे आणि म्हणताना सायकलवरून उतरायचे. तुम्ही तो शब्द कोणत्या सुरात लिहिला आहे हे मला कळतं. मी नागपुरात 26 वर्षं चित्रकला शिकवते आहे. माझ्या शिकवण्यात चूक काढा, मी ऐकेन. पण 'घोकून' हा शब्द तुम्ही आणलात कुठून? माझ्या लेखात तो नाही. पाठ करा असं मी एकदाही लिहिलेलं नाही. उलट सुरुवातीलाच लिहिलं होतं की घटक कुणी सहा सांगतं, कुणी सात, तत्त्वांची यादीही पुस्तकागणिक बदलते, तेव्हा आकड्यात अडकू नका. लेख लांब वाटला म्हणता, म्हणजे वाचला असणार. मग ते वाक्य कसं दिसलं नाही?

घोकंपट्टी काय असते ते मी भोगलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एकच चित्र यायचं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड. चौथीपासून सातवीपर्यंत तेच. नारळाचं झाड मी तोवर धड पाहिलंही नव्हतं. ते का काढायचं, सूर्य बरोबर मधोमधच का, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेला बसले. स्मरणचित्राला बाजाराचा विषय आला. मी सगळी माणसं कागदाच्या तळाशी एका ओळीत उभी केली, वरचा अर्धा कागद मोकळा. सी ग्रेड आली. सरांना विचारलं, काय चुकलं? म्हणाले, "जमलं नाही." बस, एवढंच. बारा वर्षांच्या मुलीने त्या दोन शब्दांचं काय करायचं होतं?

त्याच वर्षी पोळ्यानंतर चितारओळीत गणपतीची कामं बघत उभी होते. एका मूर्तिकार काकांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "पोरी, रंग काय पाह्यतेस, वजन कुठं पडते ते पाह्य पयले." मूर्तीची बैठक, पुढे आलेलं पोट, एका बाजूला वळलेली सोंड आणि त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूला किंचित उचललेला हात. घरी येऊन माझा बाजार काढून बघितला. सगळं वजन खाली साचलं होतं. 'तोल' हा शब्द पुस्तकात मी फार नंतर वाचला, पण माझं चित्र त्या संध्याकाळी सुधारलं. कुणीतरी मला बघायचं कसं ते एका वाक्यात दिलं, म्हणून सुधारलं. जागरूक पालक, हे घोकणं आहे का?

रझांचं नाव तुम्ही घेतलंत, म्हणून त्याबद्दलही बोलते. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला भागातले. लहानपणी लक्ष लागेना, तेव्हा शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण रझा स्वतः सांगत. तोच बिंदू पुढे पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. आणि मुंबईला जाण्याआधी, 1939 ते 1943 ही वर्षं, ते कुठे शिकले? आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये. म्हणजे रझांना शिकवणारे होते. मास्तर होते. सगळ्यात साधा घटक, एक ठिपका, त्यांना एका गावच्या शाळेतल्या मास्तरांनीच दाखवला. हे माहीत नसताना 'कुणी शिकवली होती का' असं विचारणं मला बरं वाटलं नाही.

माझ्या वर्गात काय होतं तेही सांगते. हिवाळ्यात मी बाजारातून संत्री घेऊन जाते, चार मुलांत एक. आधी फक्त बाह्यरेषा. सगळे कंपास घेतल्यासारखं गोल काढतात. मग म्हणते, हातात फिरवा. देठाकडे संत्रं वर उचललेलं असतं, तळाशी बसकं असतं, साल सैल असल्याने कडेला हलके उंचवटे येतात. गोल पुसला जातो. मग 4बी पेन्सिलने छटा. खिडकीच्या बाजूला उजेड, पलीकडे गडद, आणि अगदी कडेला पुन्हा जराशी उजळ पट्टी, कारण टेबलावरचा कागद उजेड परत फेकतो. ती पट्टी दिसली की वर्गात आवाज होतो. पोत शेवटी. मुलं सालीवरचे ठिपके सगळीकडे सारखे टोचत सुटतात. मी म्हणते, मोजा, ठिपके नीट कुठे दिसतात? उजेडात ते पुसट, गडद भागात हरवलेले, आणि दोघांच्या सीमेवर सगळ्यात स्पष्ट. दोन तास जातात एका संत्र्यावर. रेषा, आकार, घनाकार, छटा, पोत, पाच शब्द होतात आणि वहीत एकही व्याख्या लिहिली जात नाही. मग संत्री खातात.

लयीसाठी मी करवती काठाचं लुगडं नेते, माझ्या आजीचं. आपल्या विदर्भातल्या विणकरांचं काम. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अंगाला काठावर करवतीच्या दातांसारखे त्रिकोण, एकामागे एक. मुलं बोट फिरवतात. पुनरावृत्ती म्हणजे काय हे बोटाला कळल्यावर डोळ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मुलं सातवीनंतर चित्र सोडतात हे मात्र खरं आहे, आणि मला त्याचा त्रास तुमच्यापेक्षा कमी होत नाही. कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण कारण तुम्ही म्हणता ते नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाचा डोळा हाताच्या पुढे जातो. आपलं मडकं मडक्यासारखं दिसत नाही हे त्याला कळतं, पण का ते कळत नाही. मडक्याचं तोंड लंबवर्तुळ काढलं आणि बूड सरळ रेषेत कापलं, म्हणून ते हवेत तरंगतं, एवढं सांगणारं कुणी भेटलं नाही की ते वही मिटतं. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने पिवळी मारबत काढली होती, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात तो मोठा पुतळा, मिरवणुकीसकट. घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, हे पडल्यासारखं काऊन दिसते?" त्याला 'छान आहे' म्हणून परत पाठवू? मी विचारलं, तुझं वजन कुठे आहे? त्याने डावीकडे दोन बडगे, म्हणजे मिरवणुकीतले दुसरे पुतळे, आणि एक खांब वाढवला. चित्र उभं राहिलं. तत्त्व त्याला चित्रापासून तोडायला नव्हतं, चित्राकडे परत न्यायला होतं.

आणि दुसरं कारणही ऐका. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, आणि पालकसभेत माझ्यासमोर बसून "आता आठवी आहे, ड्रॉइंग पुरे" म्हणणारे पालकच असतात. तुम्ही म्हटलं नसेल. पण मुलांनी चित्र सोडण्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडण्याआधी तिकडेही बघायला हवं होतं.

रंगांचं म्हणाल तर छापखान्यात तुमचं बरोबर. मुलांच्या पेटीत तांबडा, निळा आणि पिवळा असतो, मी तिथून सुरुवात करते. लेख लांब आहे, हो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. 'मास्तर' या शब्दासकट ती जशीच्या तशी आहे.