रॅम्प आहे साहेब, फक्त त्यावरून वर जाता येत नाही

तहसील कचेरीच्या दारात सिमेंटचा एक उतार ओतायचा, शेजारी निळा बोर्ड ठोकायचा, फोटो काढून वर पाठवायचा. झाली 'दिव्यांगांसाठी सुविधा उपलब्ध'! त्या उतारावरून व्हीलचेअर चढवून पाहिली का कुणी? कशाला पाहतील? फोटोत चढण दिसत नाही.

हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे रॅम्प अठरा फूट हवा. आपल्याकडे तो पाच-सहा फुटांत उरकतात, कारण पुढे साहेबांची गाडी लागते. १:१२ चा झाला १:४. अशा चढावर स्वतः चाकं फिरवणारा माणूस खुर्चीसकट मागे उलटतो. मागून ढकलणारं कुणी असलं तर त्याचा दम निघतो, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते ती वेगळीच. त्यावर 'दिसायला बरी' म्हणून गुळगुळीत फरशी. पहिला पाऊस पडला की घसरगुंडी तयार. कठडा एका बाजूला, नाहीतर दोन्हीकडे नाहीच. आणि पायथ्याशी चार मोटारसायकली, त्यातली एक हमखास कचेरीतल्याच कुणाची.

एवढं करून वर पोचलात, तर दाराला दोन इंचांचा उंबरा. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती तिथेच अडतात. दाराची एकच फळी उघडी, दुसरीला वरून कडी. खुर्चीला सव्वादोन फूट लागतात, मोकळी वाट ९० सेंटिमीटर हवी. एका फळीत ती कुठून मिळणार? आणि हे सगळं पार केल्यावर कळतं की संजय गांधी निराधार योजनेचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे. निराधारांचं, दिव्यांगांचं, म्हाताऱ्यांचं टेबल, वर! खाली काय आहे? रेकॉर्ड रूम. फायलींना जिना चढायला त्रास होतो म्हणे.

दिव्यांगांच्या शौचालयाला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई बाहेर. उघडलंच तर आत झाडू, बादल्या, जुन्या मतपेट्या. दार आत उघडणारं, म्हणजे खुर्ची आत गेली की दार लागत नाही. पिवळ्या खडबडीत टाइल्सचं तर विचारूच नका. रेघांची टाइल म्हणजे 'चालत रहा', ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढे धोका'. ठेकेदार त्या रांगोळीसारख्या बसवतो. अंध माणूस रेघ धरून निघतो आणि थेट खांबावर आपटतो.

कायदा नाही असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचे नियम १५ जून २०१७ ला आले आणि कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष सांगणारा नियम १५ नुसत्या शिफारशींसारखा आहे, असं चालणार नाही, सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा. कलम ८९ मध्ये दंडही आहे, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. पण तक्रार करायला गेलं की 'लेखी द्या', आणि लेखी घ्यायचं टेबल? वर!

मग दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा छळ. ऑनलाइन अर्ज केला तरी तपासणीला रुग्णालयात जावंच लागतं, तेही डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या ठरावीक वारी. कानाचा रुग्ण असेल तर बेरा चाचणीचं यंत्र हवं, बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर मानसशास्त्रज्ञ हवा. यातलं एक नसलं की 'पुढच्या आठवड्यात या'. तालुक्याहून जीप ठरवून आलेल्याला! आणि हातात पडतं काय, तर 'तात्पुरतं' प्रमाणपत्र. गुडघ्यावरून कापलेला पाय पाच वर्षांनी उगवला की नाही हे तपासायला पुन्हा यायचं. बदल होण्याची शक्यता नसेल तर कायमस्वरूपीच द्यायचं असं नियमांत लिहिलंय. त्यामुळे तिथल्या तिथे विचारा, तात्पुरतं का, आणि कारण कागदावर लिहून मागा. घरी आल्यावर कुणी दाद देत नाही. आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, तेही तिथेच पाहा. 'बाई' एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर योजनेचे पैसे अडकतात.

पैसे मिळायला लागले की दरवर्षी हयातीचा दाखला. अंगठा लावा. बोटंच नाहीत, किंवा कुष्ठरोगाने झिजलीत, तर? ऑपरेटर तोच तोच अंगठा पुसून सात वेळा दाबतो आणि म्हणतो, 'मॅच होत नाही.' अरे, होणारच नाही! आधारमध्ये अपवादाची नोंद करता येते, बोटं नसतील तर डोळ्यांवर भागतं. केंद्रावरच्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. चेहरा दाखवायचा तर अ‍ॅप म्हणतं पापण्यांची उघडझाप करा. अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांना बँकेच्या ई-केवायसीबाबत हेच विचारायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने पर्याय द्यायला सांगितले.

घरबसल्या करा म्हणतात, ते संकेतस्थळ उघडा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा आणि मगच आत या. अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिथेच गप्प. अर्जाचा नमुना म्हणजे छापील कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ, रीडरच्या लेखी तो नुसता फोटो. बटणांना नावं नाहीत, रीडर नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणत बसतो. आयएस १७८०२ हे सुगमतेचं मानक याचसाठी आहे, पण निविदेत एक ओळ टाकली की संपलं. बहिऱ्या माणसाचं वेगळंच. टोकन नंबर तोंडी पुकारतात आणि तो समोर बसूनही 'गैरहजर' ठरतो. एक पाटी आणि एक खडू लागतो हो याला!

निधी नाही हे रडगाणं तर नकोच. टेबल खाली आणायला चार माणसं आणि अर्धा तास लागतो. मोटारसायकल हलवायला तेवढाही नाही. आणि दाराच्या दुसऱ्या फळीची वरची कडी काढायला नेमकी कुणाची प्रशासकीय मान्यता लागते?