संध्याकाळी सहानंतर पाणी नाही

माझा भाऊ, दादा, राहतो त्या दिव्यांगांच्या निवासी संस्थेतली पालक सभा आटपून आत्ताच घरी आलेय आणि डोकं तापलंय. पोस्ट मोठी होणार आहे. तरी वाचा.

सभेत एका काकांनी अगदी साधी मागणी केली. त्यांची मुलगी बोलत नाही. ती पडली, तिच्या अंगावर कुठे वळ किंवा जखम दिसली, तर त्याच दिवशी घरी फोन यावा आणि वहीत नोंद व्हावी. एवढंच. त्यावर एक विश्वस्त म्हणाले, "अत्याचार म्हणजे मारहाण, नाहीतर ते दुसरं. तसलं आपल्याकडे काही नाही. बाकी सगळा व्यवस्थापनाचा भाग आहे. प्रत्येक गोष्टीचा फोन करत बसलो तर संस्था कोण चालवणार?" निम्म्या पालकांनी माना डोलावल्या. काका खाली बसले आणि विषय स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवर गेला.

मला तेव्हापासून दादाची बाटली दिसतेय.

दादा 41 वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा रात्री पाण्याची बाटली उशीखाली लपवून झोपला. मी काढायला गेले तर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. "ओरडतील," म्हणाला. कोण ओरडतील, कशासाठी, हे त्याच्याकडून हळूहळू काढून घ्यावं लागलं. तिथे संध्याकाळी सहानंतर पाणी देत नाहीत. रात्री अंथरुणं ओली होऊ नयेत म्हणून. जेवण साडेसातला, तेही कोरडंच गिळायचं. मी जाऊन विचारलं तेव्हा गृहपाल शांतपणे म्हणाले, "ताई, हा नियम सगळ्यांनाच आहे."

आता सांगा, यात मारहाण कुठे आहे? वळ नाही, रक्त नाही. विश्वस्तांच्या हिशोबात इथे काही घडलंच नाही. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की काय कळवायचं आणि काय नाही, हे संस्थेनं ठरवायचंच नाही. ते आधी लिहून ठेवलेलं हवं, त्यात हेळसांड ठळकपणे हवी, आणि कळवायचं ते संस्थेच्या बाहेर.

लोक म्हणतात, कायदा आहे ना. आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. वाचून मी थक्क झाले. म्हणजे दादाच्या संस्थेत रोज संध्याकाळी सहाला जे चाललं होतं त्याचं नाव संसदेनं कधीच लिहून ठेवलंय! पण हे सहाचं पाणी बाहेर कळणार कसं? कलम 7 प्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे बहुधा तहसीलदाराला, माहिती देऊ शकतं. द्यायलाच हवी असं मात्र नाही. आतल्या माणसानं गप्प बसायचं ठरवलं की संपलं.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठीच्या पोक्सो कायद्यात माहीत असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत. पण ते अठराच्या आतल्यांसाठी. दादाला संस्थेतले सगळे "मुलगा"च म्हणतात, आणि कायद्याच्या त्या संरक्षणातून मात्र तो तेवीस वर्षांपूर्वीच बाहेर पडलाय. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात कुणाला बांधून ठेवलं तर नोंद करा, 24 तासांत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवा, असं सगळं आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अपंगत्व धरलेलं नाही. तिथूनही दादा बाहेर.

आणि मी? बाबा गेल्यावर, बौद्धिक अपंगत्व वगैरे असलेल्यांसाठीच्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली मी दादाची पालक झाले. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा घातल्या, पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीपुढे उभी राहिले. त्याच्या पैशाचा हिशोब मला दरवर्षी द्यावा लागतो. मी हेळसांड केली तर माझं पालकत्व काढून घेता येतं, तसं कायद्यातच आहे. योग्यच आहे ते. मग त्याच्या दिवसभराचा हिशोब ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो कुणाला द्यायचा?

माझी एक मैत्रीण मेलबर्नला याच क्षेत्रात काम करते. तिथे नोंदणीकृत संस्थेला मृत्यू, गंभीर दुखापत, अत्याचार, हेळसांड, लैंगिक गैरवर्तन, यातलं काहीही घडलं, अगदी नुसता आरोप झाला, तरी बाहेरच्या आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. परवानगीशिवाय कुणाला बांधलं, कोंडलं किंवा गप्प करायला औषध दिलं, तरी कळवायचं. तिथेही भयंकर गोष्टी घडल्यात, त्यासाठी राष्ट्रीय चौकशी आयोग बसवावा लागला, हे मान्य. पण निदान ते काका तिथे उठून उभे राहिले असते तर त्यांना कुणी खाली बसवलं नसतं.

"पुण्यात असलं काही होत नाही" म्हणणाऱ्यांना 1994 आठवत नाही का? शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली होती. कारण काय दिलं, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. तेव्हाही करणाऱ्यांना हा अत्याचार वाटला नव्हता. सोयच वाटली होती. चादरी धुवायला नकोत म्हणून पाणी तोडणं त्याच वाटेवर आहे, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये.

बरं, मावशींबद्दल. रात्रपाळीला एकटी मावशी असते, खोल्या भरलेल्या, पगार तुटपुंजा. सकाळी ओल्या चादरींचा ढीग तिलाच उचलायचा असतो. दादाला ती प्रेमानं भरवते, त्याचे केस विंचरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला जेलमध्ये टाका असं मी कधीच म्हणणार नाही. खरं तर नोंदीची सक्ती तिच्याच कामाची आहे. आज तिनं तोंड उघडलं तर नोकरी जाईल. कळवणं हेच तिचं काम ठरलं तर निदान तिला बोट दाखवायला एक कागद असेल, आणि रात्रीला दुसरी बाई का नाही हा प्रश्न विश्वस्तांकडे जाईल.

खोट्या तक्रारी येतील? येतील काही. तपासा.

"मग घरी का आणत नाहीस?" असं इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांनी आधी माझ्या 74 वर्षांच्या आईला भेटावं. तिच्यानं आता त्याला आंघोळ घालवत नाही. मी नऊ तास नोकरीवर. दुसरीकडे प्रतीक्षा यादी आहे.

आणि मी भांडल्यावर काय झालं ते ऐका. दादाला रात्री पाणी मिळायला लागलं. फक्त दादाला. त्याच्या शेजारच्या कॉटवरच्या माणसाला नाही. त्याला भेटायला कुणी येत नाही. दादा आता आपल्या पेल्यातलं अर्धं त्याला देतो म्हणे, लपवून. मी भांडायला गेले नसते तर दोघंही तहानलेले झोपले असते, आणि एकाही वहीत त्याची ओळ नसती. नातलगांच्या आरडाओरड्यावर हे चालणार असेल तर ज्यांना नातलगच नाहीत त्यांचं काय करायचं?

दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्याच शहरात, चर्च रोडला आहे. उद्या अर्धा दिवस रजा टाकून तिथे पत्र देणार आहे. नोंदणी असलेल्या प्रत्येक निवासी संस्थेला सक्ती करा: दुखापत, उपासमार, पाणी तोडणं, ओल्या कपड्यांत तासन् तास ठेवणं, बांधणं, कोंडणं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गुंगीचं औषध, डॉक्टरकडे न्यायला केलेला उशीर. 24 तासांत घरी आणि बाहेरच्या अधिकाऱ्याला कळवा. न कळवणाऱ्या प्रमुखाला शिक्षा, कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण.

काकांची सही मी सभेनंतर गेटवरच घेतलीय. ज्यांचं कुणी अशा संस्थेत आहे आणि ज्यांना सही करायचीय, त्यांनी आज रात्री दहापर्यंत मेसेज करा. संस्थेचं नाव लिहू नका, फक्त तुमच्याकडे सहानंतर काय नियम आहे ते लिहा.